ठळक न छापलेला आकडा

माझं क्रिएटिनिन १.७ आहे आणि ईजीएफआर ३३. वय ६७. अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मधुमेह चाळिशीतच लागला होता. मला किडनीचा आजार आहे असं कळलं की समोरच्याचा चेहरा उतरतो आणि पहिला प्रश्न येतो, "मग डायलिसिस कधीपासून सुरू आहे?" डायलिसिस सुरू नाही. घरचा स्वयंपाक मी करते, संध्याकाळी फिरायला जाते, नातीचा अभ्यास घेते. लोकांना हा आजार दोनच रूपांत ठाऊक असतो: एक तर काहीच झालेलं नाही, नाहीतर थेट मशीन. या दोन टोकांच्या मध्ये कितीतरी वर्षं असतात आणि सांभाळलं तर ती वाढवता येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. मी सध्या त्या मधल्या वर्षांत आहे.

आधी किडनीचं काम समजून घेऊ. आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून घेतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सगळा परत रक्तात पाठवतात. एकेका किडनीत हे काम करणारे सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन एकदा गेला की नवा येत नाही. उरलेले त्याचा भार उचलतात, आणि इतका नेटाने उचलतात की निम्मे गेले तरी माणसाला काही जाणवत नाही. दुखत नाही, ताप येत नाही, लघवीही नेहमीसारखीच होते. भूक जाणं, मळमळ, अंगाला खाज, पायावर सूज, जिना चढताना दम लागणं ही लक्षणं बहुतेकांना दिसतात तोवर फार थोडं काम उरलेलं असतं. पाठ दुखली की माणसं किडनीच्या धास्तीने दवाखान्यात जातात. ज्याची किडनी खरोखर जात असते त्याची पाठ बहुधा ठणठणीत असते.

माझं निदान ६२व्या वर्षी झालं. क्रिएटिनिन १.५ आलं तेव्हा पहिल्यांदा रिपोर्टमधला तो आकडा ठळक छापलेला होता. मग मी जुन्या फाइली काढल्या. निवृत्तीच्या वर्षीच्या, म्हणजे ५८व्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ होतं. शेजारी लॅबने नॉर्मलची मर्यादा छापली होती, ०.६ ते १.२. आकडा मर्यादेत, म्हणून साधा छापलेला. तेव्हाच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि पान उलटलं. साखरेच्या आकड्यावर मात्र बराच वेळ बोलणं झालं होतं.

गोम इथेच आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. तरणाबांड, कमावलेल्या अंगाचा माणूस ते जास्त तयार करतो, उतारवयातली बाई कमी करते. त्यामुळे एकाच आकड्याचा अर्थ दोघांसाठी वेगळा होतो. तिशीतल्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर त्याची किडनी साधारण ६९ या वेगाने गाळते. साठीतल्या बाईचं तेच १.४ असेल तर तो वेग ४३ वर आलेला असतो. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेल्या या अंदाजी वेगालाच ईजीएफआर म्हणतात. मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळून स्वच्छ होतो, याचं ते माप आहे. सध्या वापरतात ते सूत्र २०२१ सालचं आहे आणि मोबाइलवर कुणालाही हिशोब करता येतो. माझ्या त्या साध्या छापलेल्या १.१ चा मी करून पाहिला, ५८ निघाला. साठाच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर त्याला जुनाट मूत्रपिंडविकार म्हणतात. ४५ पर्यंत ३-अ, ३० पर्यंत ३-ब, १५ पर्यंत चौथी पायरी आणि त्याखाली पाचवी. म्हणजे निवृत्तीच्या निरोप समारंभात मी नारळ घेत होते तेव्हा तिसऱ्या पायरीवर उभी होते. पुढची चार वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही आणि ५८ चे ३९ झाले. उपचार सुरू झाल्यापासूनच्या पाच वर्षांत मात्र ३९ चे ३३. हे दोन उतार शेजारी शेजारी ठेवले की वेळेवर समजण्याला केवढी किंमत आहे ते दिसतं.

दुसरी तपासणी लघवीची. तिच्याबद्दल मला विज्ञानाची शिक्षिका म्हणून जरा जास्त माया आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावर सूज असलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. अशा रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली की ती गढूळ होते, अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर थिजतो तशी, आणि शवविच्छेदनात अशांच्या किडन्या खराब निघतात, हे त्यांनी दाखवून दिलं. थिजतं ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. चांगली किडनी ते रक्तातच अडवते, खराब होऊ लागली की ते निसटायला लागतं. ही परीक्षा पुढे दीडशे वर्षं दवाखान्यांत होत राहिली. परीक्षानळीचा तीन चतुर्थांश भाग लघवीने भरायचा, नळी तिरकी धरून फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर फिरवायचा. वरचा थर पांढरट झाला आणि खालचा स्वच्छ राहिला की फरक डोळ्यांना लगेच दिसतो. मग ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब. पांढरेपणा विरघळला तर ते नुसते फॉस्फेटचे क्षार, राहिला तर प्रथिन. शाळेत मी हाच प्रयोग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं पाणी करून दाखवायचे, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची.

आज लॅबमध्ये यापेक्षा कितीतरी बारीक मोजणी होते. तिचं नाव युरीन एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. ३० पर्यंत ठीक, ३० ते ३०० म्हणजे इशारा, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. सकाळची थोडी लघवी डबीत दिली की झालं. मधुमेहात ही गळती पुष्कळदा क्रिएटिनिन हलण्याच्या आधी, काही वर्षं आधी, सुरू होते. माझा पहिला एसीआर ९०० च्या घरात होता. मधुमेह लागल्यापासून साखर कितीदा तपासली त्याची गणती नाही, पण ही डबी त्याआधी कुणी मागितली नव्हती.

उपचार म्हणाल तर चमत्कार नाही. रक्तदाब १३० च्या आत ठेवणं हे पहिलं काम. त्यासाठीची जी गोळी मला दिली, ती टेल्मिसार्टन, किडनीच्या गाळण्यांवरचा दाबही उतरवते आणि प्रथिनांची गळती कमी करते. दुसरी डापाग्लिफ्लोझिन. मुळात मधुमेहाची, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. चार हजारांहून जास्त रुग्णांवरची तिची मोठी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली आणि मधुमेह नसलेल्यांच्या किडनीलाही तिचा फायदा दिसला. त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपलं, अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन आधी किंचित वाढतं. घाबरून मनानेच गोळी सोडणारे बरेच भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिते: ती वाढ अपेक्षित असते, ती किती चालेल हे डॉक्टर ठरवतात. मात्र जुलाब-उलट्या लागल्या, पोटात पाणी ठरेना, तर याच गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागू शकतात. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि लग्नसराईत बाहेरचं जेवण असतं, तेव्हा ही सूचना मी फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवते.

स्वयंपाकघरात मात्र खरी कसोटी लागली. वऱ्हाडात उन्हाळा म्हणजे वाळवणं. गच्चीवर पापड, कुरड्या, सांडगे, मुगवड्या, आणि त्यांत मीठ तर आहेच, वर पापडखार. पापडखारातही सोडियमच. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मी सकाळीच एका इवल्या वाटीत माणशी तेवढ्याहून थोडं कमी मीठ काढून ठेवते आणि दिवसभराची भाजी, वरण, ताक सगळं त्या वाटीतून. कमी अशासाठी की ब्रेड-बिस्किटातलं, शेवेतलं मीठ आपल्याला दिसत नाही. भाकरीत आमच्याकडे मीठ नसतंच. ताटात वरून मीठ वाढणं बंद केलं. पहिले काही दिवस यांनी जेवताना एक शब्द काढला नाही, पण चेहरा सांगत होता. मग मी लसूण, लिंबू, भाजलेलं जिरं आणि हिरवी मिरची यांचा हात सैल केला. आता बाहेरची भाजी यांनाच खारट लागते आणि यांच्या बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली.

सैंधव मिठाचं काय, असं बायका विचारतात. तेही सोडियम क्लोराइडच, रंग गुलाबी. त्याहून जपायचं ते दुकानात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठापासून. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मंदावलेल्या किडनीला पोटॅशियम पुरतं बाहेर टाकता येत नाही आणि ते रक्तात फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते, माणूस दगावतो. आजारी माणसाला भेटायला येताना आपल्याकडे शहाळं आणायची रीत आहे. संत्र्यांच्या तर आम्ही गावातच राहतो. प्रेमाने दिलेलं शहाळं आणि संत्र्याच्या रसाचा मोठा पेला मी नम्रपणे नाकारते आणि अख्ख्या संत्र्यातलं अर्धंच खाते, कारण दोन्हींत पोटॅशियम असतं आणि माझ्या रक्तात ते काठावर, पाचच्या आसपास असतं. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि पाणी ओतून देते. कमरख मात्र किडनीच्या रुग्णाने तोंडातही घालू नये, त्यातलं एक द्रव्य मेंदूवर परिणाम करतं. ज्याचं पोटॅशियम कमी आहे त्याला हे सगळे निर्बंध लागू नाहीत. म्हणून शेजारणीच्या पथ्याची यादी आपण उचलू नये, आपल्या रिपोर्टप्रमाणे आहारतज्ज्ञाकडून करून घ्यावी. डाळ सोडायची असाही एक समज आहे. मला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, तेवढ्यात वरण, दही, उसळ बसते. सगळंच सोडून हातापायाच्या काड्या झालेली माणसं मी पाहिली आहेत. आणि पाणी भरपूर प्यायलं की किडनी धुऊन निघते हेही खरं नाही. कॅनडात किडनीच्या रुग्णांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावून पाहिलं, २०१८ साली निष्कर्ष आले, उतार काही थांबला नव्हता. तहानेला आणि उन्हाला पुरेल इतकं पाणी प्यावं. मुतखड्याचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी.

माझ्या दिरांचं दुसऱ्या वाटेने झालं. तेल्हारा तालुक्यात आमची शेती आहे, ती तेच पाहतात. कंबर धरली की मेडिकलमधून गोळी, डवरणीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ गोळी, अशी बरीच वर्षं गेली. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, सगळी एकाच जातीची वेदनाशामकं. ही औषधं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. त्यात ऊन, घाम आणि कमी पाणी यांची भर पडली की मार दुप्पट. चिठ्ठीशिवाय गोळी देणाऱ्या दुकानदाराला त्याचं काही वाटलं नाही. बीपी कधी मोजलेलं नव्हतं. दम लागला म्हणून अकोल्याला आणलं तेव्हा क्रिएटिनिन ११ होतं आणि त्याच रात्री मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं. "वहिनी, मले काही दुखतच नव्हतं, तं मले कसं समजन?" असं ते म्हणाले. कंबर दुखत होती तिच्यावर गोळी होती. किडनी दुखत नव्हती.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. किडनीचे रुग्ण या गावांत बरेच, म्हणून सगळा दोष लोक पाण्याला देतात. गोड पाणी प्रत्येक गावाला मिळायलाच हवं, ते आमच्या हक्काचं आहे. आंध्रातलं उद्दानम, गोव्यातलं काणकोण इथे मधुमेह-बीपी नसलेल्या कष्टकऱ्यांच्या किडन्या जातात आणि शास्त्रज्ञांना अजून त्याचं एक ठाम कारण सापडलेलं नाही, हेही खरं. पण पाण्याकडे बोट दाखवून झालं की बीपी मोजायचं राहून जातं, वेदनाशामक गोळ्या चालूच राहतात, प्रोस्टेट किंवा मुतखड्याने लघवी तुंबलेली कळत नाही. आमच्या घरात तेच झालं.

भाऊजी आता आठवड्यातून तीनदा मशीनवर असतात, दर वेळी चार तास. एका बैठकीला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी त्यांच्या रक्ताच्या पलीकडून, मधल्या पातळ पडद्याआडून वाहतं. डाव्या मनगटाजवळ फिश्चुला केली आहे, म्हणजे धमनी शिरेला जोडून शीर मोठी केली आहे. तिच्यावर बोट ठेवलं की थरथर लागते. ती रोज सकाळी तपासायची, थांबली तर तडक दवाखाना. फिश्चुला तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, म्हणून ती आधीच करून ठेवायची असते. त्यासाठी शिरा शाबूत हव्यात. मी आत्तापासून रक्त तपासायला हाताचा मागचा भाग पुढे करते, डाव्या हाताच्या शिरेत सुई घालू देत नाही. लॅबमधली मुलगी पहिल्यांदा नवलाने बघत होती, आता न सांगता मागच्या बाजूला बघते.

त्यांना लघवी जवळजवळ होत नाही. दिवसाचं पाणी म्हणजे आदल्या दिवशी झालेली लघवी अधिक अर्धा लिटर, त्यातच चहा, ताक, आमटी आलं. अकोल्याच्या उन्हाळ्यात हे पाळणं फार कठीण. वॉर्डात शिरल्यावर तिथला टेक्निशियन पहिली चौकशी हीच करतो, "काका, आज किती पाणी काढायचं?" वजनकाट्यावर उभं राहून ते आकडा सांगतात. दोन किलोच्या आत वजन वाढलं असेल त्या दिवशी त्यांचा आवाज मोठा असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळे जमीन विकावी लागली नाही. जायला-यायला लागणारा खर्च आणि बुडालेली शेतीची कामं मात्र घराच्याच माथी. प्रत्यारोपणासाठी जाऊबाई तयार होत्या, तपासणीत त्यांनाच मधुमेह निघाला. आता नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण केंद्राच्या यादीत नाव आहे. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव घ्यायला परवानगी देणारा १९९४चा कायदा महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचलने पुढाकार घेतल्यामुळे झाला. तरी यादी लांब आहे आणि देणारे थोडे आहेत.

मी कॉलेजात असताना जयप्रकाश नारायणांच्या डायलिसिसच्या बातम्या वर्तमानपत्रात यायच्या. आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार सुरू झाले आणि ऑक्टोबर १९७९ पर्यंत ते डायलिसिसवर जगले. तेव्हा हे उपचार देशात मोजक्याच ठिकाणी होते. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईला गेले. आयुष्यभर डायलिसिस आणि प्रत्यारोपण केलेल्या या डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या खेड्यांत वेगळंच काम उभं केलं. गावातल्याच मुलींना शिकवलं, त्यांनी घरोघर जाऊन बीपी मोजलं, लघवीत ॲसिडचे थेंब टाकून प्रथिनं पाहिली, आणि ज्यांच्यात दोष निघाला त्यांना स्वस्तातली औषधं दिली. मला त्यांचं हे काम सगळ्यांत मोठं वाटतं. आपल्या आशाताई आज गावोगाव बीपी-शुगरची नोंद घेतातच. त्यांच्या पिशवीत लघवीच्या पट्ट्यांची डबीही असायला हवी आणि पट्टीचा रंग बदलला की त्या माणसाचं पुढे काय करायचं हे प्राथमिक आरोग्य केंद्राला ठाऊक असायला हवं.

तोवर आपण आपलं पाहू. तुम्हाला किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, बीपी असेल, मुतखडे वारंवार होत असतील, आई-वडिलांपैकी कुणाची किडनी गेली असेल किंवा वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं पोटात गेल्या असतील, तर पुढच्या वेळी लॅबमध्ये दोन गोष्टी नाव घेऊन मागा: क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर, आणि युरीन एसीआर. रिपोर्टमध्ये आकडा ठळक छापलाय का एवढंच पाहू नका. मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवा, दोन्हींतला फरक डॉक्टरांना दाखवा, आणि ते कागद जपून ठेवा.